उपग्रह, मोजणी आणि बांध



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हास निमंत्रण दिले तेव्हा आम्ही बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी कामगारांचे हाल यांवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळविला तेव्हा त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. विषय आहे उपग्रहांच्या साहाय्याने होणारी जमिनीची मोजणी, आणि तीत चूक झाली तर ती कशी हुडकावी. कामगारांच्या माणसाने या वाटेला का जावे, असे आपणांपैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. खासगी मोजणीच्या कामांवर दांडा धरणारे मदतनीस, तिपाई वाहणारी पोरे आणि कचेरीत संगणकापुढे बसून आकडेमोड करणाऱ्या मुली, ही माणसे आमच्या संघटनेत आली. त्यांच्या तक्रारी समजून घ्यायच्या तर त्यांचे काम समजून घेणे भाग होते. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही शिकलो ते कामगारांच्या शेजारी बसून आणि रात्री पुस्तके चाळून. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते पंडिताचे विवेचन नव्हे. काम करणाऱ्यांकडून आम्ही जे समजून घेतले, ते आपणांपुढे मांडतो आहोत.

आपण शहरात राहतो हे खरे. पण या सभागृहात असा गृहस्थ विरळाच असेल, की ज्याचे गावाकडे चार गुंठे नाहीत, किंवा ज्याच्या घराण्यात बांधावरून एखादा दावा झालेला नाही. भावाभावांतले बोलणे बांधावरून बंद होते, तिसऱ्या पिढीपर्यंत तारखा पडत राहतात. अशा वेळी मोजणी हा शेवटचा आधार. पूर्वी मोजणीदार येऊन साखळी टाकी. आज तो पांढऱ्या टोपीसारखे यंत्र बसवलेला दांडा घेऊन येतो, दगडावर टेकवतो, दहा-वीस क्षण थांबतो आणि पुढे जातो. या यंत्राला रोव्हर म्हणतात. त्याच्या पडद्यावर जो आकडा उमटतो त्यापुढे सारे गप्प होतात. "मशीनने सांगितले" हे आजचे ब्रह्मवाक्य झाले आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की मशीन काही सांगत नसते. ते गणित करते. गणित म्हटले की त्याची रीत आली, रीत आली की ताळा आला. आणि ज्या गणिताचा ताळा पाहता येत नाही, त्याच्या उत्तरावर कोणाची जमीन घेऊ नये आणि कोणाचा पगारही कापू नये.

प्रथम थोडे मागे पाहू. आपल्याकडील आधुनिक मोजणीचा पाया ब्रिटिश अमदानीत पडला. पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास केलेली पाहणी फसली. पुढे १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले आणि तीच पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली. हेतू अर्थात सरकारी साऱ्याचा होता, शेतकऱ्याच्या कल्याणाचा नव्हता. परंतु त्या साखळीच्या मोजणीत एक गुण होता. ती डोळ्यांना दिसत असे. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, ते सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा. आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. निरक्षर शेतकरीही बांधावर उभा राहून किती साखळ्या पडल्या ते बोटांवर मोजी. साखळी सैल धरली तर ओरडे. लबाडी तेव्हाही होत होती, परंतु ती करायला शेतकऱ्याची नजर चुकवावी लागे. आजच्या मोजणीत नजरेला दिसण्यासारखे काहीच उरलेले नाही. म्हणून ती कशी चालते हे समजून घेणे, हाच आता नजर ठेवण्याचा उपाय होय.

आपल्या डोक्यावर सुमारे वीस हजार किलोमीटरवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. ते अमेरिकेचे. रशियाचे, युरोपचे आणि चीनचे वेगळे आहेत, आणि आपल्या देशानेही आपली स्वतःची नाविक ही व्यवस्था उभारली आहे. प्रत्येक उपग्रहात अत्यंत बिनचूक घड्याळ असते. तो सतत सांगत असतो की मी अमक्या जागी आहे आणि आता अमकी वेळ आहे. हा संदेश जमिनीवर पोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून उपग्रहाचे अंतर निघते, आणि चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपली जागा निघते. सेकंदाच्या एक अब्जांश भागात प्रकाश ३० सेंटिमीटर चालतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे घड्याळाचे महत्त्व कळेल.

परंतु अशा रीतीने निघालेली जागा दोन-चार मीटर इकडेतिकडे असते, कधी अधिकही. आपल्या खिशातला फोन असेच काम करतो. रस्ता सापडायला तेवढे पुरते; बांध सापडायला पुरत नाही. म्हणून मोजणीदार दोन युक्त्या करतो. पहिली अशी की जिची जागा आधीच पक्की ठाऊक आहे अशा खुणेवर दुसरे यंत्र उभे करतो. त्याला बेस म्हणतात. बेसला आपली खरी जागा माहीत असल्यामुळे आकाशातून येणाऱ्या संदेशात या घटकेला किती खोट आहे ते त्याला कळते, आणि ती खोट तो रोव्हरला कळवितो. महाराष्ट्रात अशी कायमची ठाणी सत्तरहून अधिक ठिकाणी उभी आहेत. त्यांना कॉर्स म्हणतात. दुसरी युक्ती अशी की संदेशाऐवजी तो वाहून आणणारी लहरच मोजायची. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. लहरीचा अपुरा तुकडा यंत्र मिलिमीटरपर्यंत मोजते. अडचण एवढीच की उपग्रहापासून आपल्यापर्यंत पूर्ण लहरी किती, हे त्याला आरंभी ठाऊक नसते. बाजारात कापड मोजणाऱ्याने शेवटचे बोटभर माप अचूक सांगावे आणि वार किती झाले ते विसरावे, तशी ही गत. मग यंत्र अनेक उपग्रहांचा मेळ घालून तो पूर्णांक शोधते. सापडला की पडद्यावर "फिक्स" उमटते. न सापडता अंदाजाने काम चालले असेल तर "फ्लोट". फिक्स म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरचा भरवसा. फ्लोट म्हणजे वीतभराची, हातभराचीही चूक. शेतकऱ्याने एवढे दोन शब्द जरी ओळखले आणि दांडा आपल्या दगडावर असताना पडद्यावर काय लिहिले आहे हे विचारले, तरी बरेच काम होईल.

आता चुकांकडे वळू. कारखान्यात यंत्र बिघडले की जुना फिटर प्रथम आवाज ऐकतो. आवाजावरून तो सांगतो की बेअरिंग गेले की पट्टा घसरला. मोजणीतल्या चुकीलाही असाच स्वभाव असतो. सगळे बिंदू कागदावर मांडावेत आणि चूक कोणत्या दिशेला, किती आणि कशी आहे ते पाहावे. कारण तीच सांगते.

बिंदू चहूकडे विखुरलेले असतील, एक पूर्वेला हातभर आणि दुसरा दक्षिणेला वीतभर, तर दोष बहुधा जागेचा असतो. दगड आंब्याखाली किंवा वडाखाली असेल, शेजारी पत्र्याचे शेड किंवा उंच भिंत असेल, तर उपग्रहाची लहर सरळ न येता आपटून येते आणि लांबचा रस्ता घेते. डोंगराच्या कडेला हाक मारली असता प्रतिध्वनी ऐकू यावा, तसा हा प्रकार आहे. अशा ठिकाणी यंत्राला खोटा पूर्णांकही सापडतो. पडद्यावर "फिक्स" असते आणि आकडा चुकलेला असतो. यावर उपाय एकच. यंत्राची पकड मोडावी, नव्याने सुरुवात करावी आणि थोड्या वेळाने त्याच दगडावर पुन्हा दांडा टेकवावा. तोपर्यंत उपग्रह पुढे सरकलेले असतात. दोन्ही आकडे जुळले तर खरे. दोनदा मोजल्यावाचून एकदाचे मोजणे सिद्ध होत नाही.

सपाट जागा बरोबर आणि उंची सगळीकडे सारखीच चुकलेली, नेमकी २० सेंटिमीटर, असे दिसले तर दांडा पाहावा. दोन मीटरचा दांडा कोणीतरी १ मीटर ८० वर आणला आणि यंत्रात दोनच राहिले. उंची पन्नास-साठ मीटरने चुकलेली दिसली तर मात्र दांड्याचा दोष नाही. उपग्रह उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून, आणि आपण मोजतो समुद्रसपाटीपासून. आपल्या देशाखाली या दोहोंत मोठी तफावत आहे. मुंबईच्या चौपाटीवर यंत्र उभे केले आणि हा हिशेब घातला नाही, तर ते खुशाल सांगते की आपण समुद्राच्या खाली पन्नास मीटरहून अधिक खोल आहोत. कालव्याच्या किंवा पाइपलाइनच्या कामात हा विसर पडला आणि निम्मे काम एका उंचीने व निम्मे दुसऱ्या उंचीने झाले, तर पाणी कोणीकडे जाईल हे सांगायला नको.

सकाळी ठीक चाललेले यंत्र दुपारनंतर एकाएकी फिक्स धरीनासे झाले, आणि एकाच नव्हे तर साऱ्या परिसरातल्या यंत्रांचे तसेच झाले, तर वर पाहावे. सूर्याच्या किरणांनी हवेच्या फार वरच्या थरात विजेचा भार साठतो आणि लहरीला उशीर लावतो. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना हा थर विशेष दाट असतो, आणि आपला देश नेमका त्या पट्ट्यात येतो. सूर्य खवळतो तेव्हा तर विचारूच नका. अगदी अलीकडे, १० आणि ११ मे २०२४ रोजी सौरवादळ झाले, तेव्हा अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर शेतकऱ्यांना थांबवावे लागले. त्या दिवशी दांडा धरणाऱ्याला बोल लावून काय उपयोग?

आणि सर्व बिंदू एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकले असतील, तर? येथे आमच्या अनुभवातली एक हकीकत सांगतो. नावे घेण्याचे कारण नाही.

एका रस्त्याच्या भूसंपादनाची मोजणी चालली होती. काम एका खासगी कंत्राटदाराकडे होते. पहिल्या दिवशीचे काम आणि दुसऱ्या दिवशीचे काम कचेरीत जोडून पाहिले, तर गट एकमेकांवर चढलेले. दोन्ही दिवशी मोजलेले सहा दगड होते. त्या सहाही दगडांचे आकडे १ मीटर ८० सेंटिमीटरच्या आसपास चुकत होते. कंत्राटदाराने निर्णय दिला की पोरांनी दांडा तिरपा धरला. दोघा मदतनिसांचे चार-चार दिवसांचे पैसे कापले. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते असे. पोरे आमच्याकडे आली. त्यांतला एक सारखा म्हणत होता, "भाऊ, बुडबुडा मधोमध होता, आईशपथ सांगतो." बुडबुडा म्हणजे दांड्यावरील पाणसळीचा.

शपथेवर तंटे सुटत नाहीत. आम्ही त्या कचेरीत आकडेमोड करणाऱ्या मुलीला बोलावले. तिने सहा दगडांचे दोन्ही दिवशीचे बिंदू कागदावर काढले आणि प्रत्येकी एक बाण ओढला. मग म्हणाली, "भाऊ, सगळे बाण वायव्येला आहेत आणि सगळे एकाच लांबीचे आहेत." कमीत कमी १ मीटर ७८, जास्तीत जास्त १ मीटर ८२. दांडा तिरपा झाला तर एकदा इकडे कलेल, एकदा तिकडे कलेल. सहा ठिकाणी, सहा वेळा, एकाच दिशेला आणि एकाच मापाने माणूस दांडा कलवू शकत नाही. शिवाय दांडा दोन मीटरचा. त्याच्या टोकाने १ मीटर ८० चूक करायची तर तो जवळजवळ आडवा करावा लागेल. एवढा आडवा दांडा धरणारा मदतनीस साहेबांना दिसला नाही काय, असे आम्ही कंत्राटदारास विचारले. त्यावर ते काही बोलले नाहीत.

सगळे बिंदू सारखे सरकणे म्हणजे पायाच सरकणे. आणि मोजणीचा पाया म्हणजे बेस. बेसच्या यंत्रात नोंद असतेच. ती उघडली. पहिल्या दिवशी बेसला त्या खुणेची ठाऊक असलेली जागा आकडे घालून सांगितलेली होती. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर यंत्र उभे केले, पण आकड्यांचा कागद दुसऱ्या गाडीत राहिला होता. वेळ जाऊ नये म्हणून "आहे तीच जागा धर" असे बटण दाबले गेले. यंत्राने फोनसारखा अंदाज घेतला, तो पावणेदोन मीटरवर चुकला, आणि दिवसभराचे सर्व बिंदू त्या चुकीच्या पायावर अगदी अचूक बसले. उपाय काय झाला? शेतात पुन्हा जावेही लागले नाही. बेसची खरी जागा घालून साठवलेली मूळ निरीक्षणे पुन्हा गणितात घातली. सहाही दगड दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जुळले. पोरांचे पैसे परत मिळाले.

ज्याने ते बटण दाबले तो इसम लबाड होता काय? मुळीच नाही. त्याला दिवसाला इतके गट संपवलेच पाहिजेत असा हुकूम होता. ठाऊक असलेल्या दुसऱ्या एखाद्या खुणेवर दांडा टेकवून पाहायला पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांत चूक तेथल्या तेथे उघडी पडली असती. ती पाच मिनिटे त्याच्या दिवसात कोणी ठेवलीच नव्हती. यंत्राची चूक शोधता शोधता आपण पुष्कळदा कामाच्या व्यवस्थेपाशी येऊन पोचतो, हा आमचा अनुभव आहे.

आता एक वेगळ्या जातीची चूक. हिच्यात यंत्र बरोबर, माणूस बरोबर, गणितही बरोबर, आणि तरीही उत्तर भलतेच. कारण दोन आकडे दोन वेगळ्या भाषांत बोलत असतात.

१८०२ साली मद्रासजवळ लॅम्टनने भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. हा मनुष्य वीस वर्षे मोजीत मोजीत उत्तरेकडे येत राहिला आणि १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचे काम पुढे एव्हरेस्टने चालविले. त्याच्याबरोबर अवजड यंत्रे डोंगरांवर चढविणारे, झेंडे धरून उन्हात उभे राहणारे शेकडो खलाशी होते. त्यांची नावे इतिहासाने लिहून ठेवली नाहीत. एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे गणित बसविले ते आपल्या देशापुरते चांगले बसत होते, आणि आपले जुने नकाशे त्यावर उभे राहिले. उपग्रहांचे गणित सबंध पृथ्वीचे आहे. त्या दोन आकारांचे मध्यबिंदूच एकमेकांपासून किलोमीटरला थोडे कमी इतके दूर आहेत. म्हणून एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वेगळे येतात, आणि तो फरक जमिनीवर शेकडो फुटांच्या हिशेबात जातो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे नव्या, जागतिक पद्धतीवर आले. पण जुने कागद जुन्याच पद्धतीचे आहेत.

दुसरे असे की गोल पृथ्वी कागदावर पसरायची तर ती सहा-सहा अंशांच्या फाकांत कापतात. महाराष्ट्र अशा दोन फाकांत येतो. ७८ अंश रेखांशाची रेघ अमरावती आणि वर्धा यांच्या मधून जाते; पश्चिमेकडे ४३ वी फाक, पूर्वेकडे ४४ वी. संगणकात फाकेचा क्रमांक चुकला तर नागपूरचे शेत गुजरातेत नवसारीच्या बाजूला जाऊन पडते. ही चूक पाहून सारे हसतात आणि ती लगेच दुरुस्त होते. मोठी चूक परवडते. लहान चूक माणसाला बुडवते. लहान चूक अशी की प्रत्येक फाकेच्या मध्यरेषेवर कागदावरचे अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा मुद्दाम थोडे कमी धरतात, किलोमीटरला ४० सेंटिमीटर. ही रेघ ७५ अंशांवर, म्हणजे अहिल्यानगरच्या जवळून जाते. तिथे कागदावरच्या आकड्यांवरून सरळ क्षेत्रफळ काढले आणि ही सूट परत धरली नाही, तर एकरामागे सुमारे ३५ चौरस फूट कमी भरतात. शेतात ते कोणाला जाणवणार नाही. पण शहरालगतच्या जमिनीचा आजचा भाव चौरस फुटावर असतो, हे आपणांस सांगायला नको.

तिसरी गोष्ट ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. आपला देशच दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. आपण, आपला शेजारी आणि मधला बांध, सगळे एकत्र सरकतो, म्हणून भांडणाचे कारण नाही. परंतु जागतिक चौकटीत वीस वर्षांपूर्वी काढलेला आकडा आणि आज काढलेला आकडा यांत मीटरभर अंतर पडते. एका कागदावर २००५ च्या स्थितीचा आकडा आणि दुसऱ्यावर आजचा, हे दोन्ही एकमेकांस जोडले की बांध सरकल्याचा भास होतो. बांध जागच्या जागी असतो. म्हणून आकड्यापुढे तो कोणत्या वर्षाच्या स्थितीचा हेही लिहिलेले असले पाहिजे.

आणि शेवटी जुना नकाशा. दहा हजारास एक या प्रमाणावर काढलेल्या नकाशात अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर. दोन सेंटिमीटरचे यंत्र घेऊन आपण त्या पाच मीटर रुंद रेघेत बांध शोधतो आहोत. कागद आटतो, घड्यांवर फाटतो, प्रत काढताना ताणला जातो. तेव्हा रोव्हर आला म्हणून जुन्या नकाशाच्या अंगी रोव्हरची अचूकता आली असे होत नाही. अशा वेळी मूळ मोजणीचे टिपण, ज्यात साखळी-आण्यांचे आकडे लिहिलेले असतात, ते नकाशापेक्षा अधिक बोलके असते. आणि त्याहून बोलके म्हणजे जागेवर उभे असलेले जुने दगड, तीन गावांच्या शिवेवरची खूण, जुनी विहीर. चांगला भूकरमापक प्रथम हे पाहतो, मग यंत्र उघडतो. असे भूकरमापक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे.

येथवर आलो, तर आता काय करावे ते सांगून आपली रजा घेतो. आमच्या मागण्या फार नाहीत.

पहिली अशी की मोजणीची मूळ निरीक्षणे जपून ठेवावीत. शेवटचा आकडा ठेवून बाकीचे पुसून टाकणे म्हणजे पावत्या जाळून फक्त बेरीज दाखविणे होय. त्या दोन पोरांचा पगार वाचला तो निरीक्षणे पुसली गेली नव्हती म्हणून.

दुसरी अशी की शेतकऱ्याच्या हाती जो नकाशा पडतो त्यावर बेस कोणता, पद्धत कोणती, कोणत्या वर्षाची स्थिती, फिक्स होते की नाही आणि ताळ्याला किती फरक आला, या चार-पाच गोष्टी मराठीत लिहिलेल्या असाव्यात. दोन ओळींचे काम आहे. औषधाच्या बाटलीवर काय काय असते ते लिहितात. जमिनीच्या कागदावर का लिहू नये?

तिसरी अशी की दिवसाची सुरुवात आणि शेवट ठाऊक असलेल्या खुणेवर दांडा टेकवून व्हावा, आणि प्रत्येक हद्दीचा दगड दोनदा मोजला जावा. यासाठी लागणारा वेळ हा कामाचाच वेळ आहे असे मानले जावे. गटागणिक पैसे देऊन आणि घाई करून घेतलेली मोजणी स्वस्त पडते खरी, पण तिची उरलेली किंमत पुढे शेतकरी कोर्टात भरतो.

चौथी मागणी आमच्या धंद्याची. चूक झाली तर प्रथम चूक कोणत्या प्रकारची आहे ते तपासावे आणि मग माणूस शोधावा. आज उलटे होते. प्रथम माणूस सापडतो, आणि तो नेहमी सर्वांत खालचाच सापडतो.

बंधुभगिनींनो, आम्ही यंत्राचे शत्रू नाही. साखळी ओढून ज्यांच्या पायांत काटे मोडले त्यांना विचारा. त्यांना यंत्र हवेच आहे. आठवड्याचे काम दिवसात होते आणि डोंगरापलीकडचा दगडही मोजता येतो, ही लहान गोष्ट नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की साखळीच्या काळी शेतकऱ्याला बांधावर उभे राहून मोजण्याचा जो हक्क होता, तो यंत्राच्या काळी त्याच्याकडून निसटू नये. पुढच्या वेळी आपल्या शेतात मोजणी होईल तेव्हा सावलीत बसून राहू नका. दांड्याबरोबर चालत जा. पडद्यावर काय उमटले ते विचारा, दुसऱ्यांदा टेकवायला सांगा, बेस कोठे आहे ते पाहून या. आणि दांडा धरणाऱ्या पोराला पाणी विचारा. त्याच्या हातातला बुडबुडा मधोमध राहावा, हे आपल्याही हिताचे आहे.